सावलीची निवड : रस्त्याकडेच्या वृक्षांचा आणि त्यांच्या रोगांचा इतिहास



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाशी जोडलेल्या व्यासपीठावरून बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. हैदराबादेत मराठी शाळा चालविणे म्हणजे परक्या हवेत रोप जगविणे होय. ते काम ज्यांनी निष्ठेने केले, त्यांच्या स्मृतिदिनी वृक्षांविषयी बोलणे अस्थानी ठरू नये.

विषयाचे निमित्त शाळेनेच पुरविले. समोरचा रस्ता आणि क्रीडांगणाची कड मिळून ४० झाडे लावण्याचा आपला संकल्प आहे. बहुतेकांचा कल सर्व झाडे कडुनिंबाची लावावीत असा आहे, असे मला सांगण्यात आले. त्याच वेळी गेल्या काही वर्षांत या शहरातील कडुनिंब शेंड्याकडून वाळताना सर्वांनी पाहिले आहेत. म्हणून पदाधिकाऱ्यांनी मला विचारले, “ज्याला रोग लागत नाही असे सावलीचे झाड कोणते?” मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, वाङ्मयाचा आणि इतिहासाचा अभ्यासक आहे. परंतु हा प्रश्न माणसाने यापूर्वी अनेकदा विचारलेला आहे आणि त्याची उत्तरेही इतिहासात नमूद आहेत. ती उत्तरे आज आपल्यापुढे ठेवावयाची आहेत.

प्राचीनांची दृष्टी

आपल्या देशात रस्त्याकडेला सावली लावण्याचा लेखी पुरावा सम्राट अशोकाइतका जुना आहे. दिल्ली-टोपरा येथील सातव्या स्तंभलेखात तो सांगतो, की पशूंना व माणसांना छाया मिळावी म्हणून मार्गांवर आपण वड लावविले आणि आंब्याच्या राया उठविल्या. लेखातील मूळ शब्द ‘निगोह’ म्हणजे संस्कृतातील न्यग्रोध, आपला वड. पशूंचा उल्लेख माणसांच्या आधी येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अशी सुखे पूर्वीच्या राजांनीही लोकांना दिली होती, हेही तो प्रांजळपणे नमूद करतो. म्हणजे ही परंपरा अशोकाच्याही आधीची असली पाहिजे.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली रोगाविषयीची. थंडी, वारा आणि ऊन यांमुळे झाडाला रोग होतो. पाने फिकट पडतात, पालवी वाढत नाही, फांद्या सुकतात आणि रस पाझरू लागतो, असे तो सांगतो. रोगट भाग शस्त्राने काढून टाकावा व जखमेवर लेप द्यावा, हा त्याचा उपचार आहे. दुसरी गोष्ट अंतराविषयीची. दोन वृक्षांमध्ये २० हात अंतर उत्तम, १६ हात मध्यम आणि १२ हात किमान. कारण फांद्या एकमेकींना भिडल्या आणि मुळे एकमेकांत गुंतली की झाडे पीडित होतात व नीट फळत नाहीत. मुळांच्या ह्या गुंत्याचा उल्लेख आपण मनात ठेवावा. तेराशे-चौदाशे वर्षांनंतर युरोप-अमेरिकेतील शास्त्रज्ञांना तो वेगळ्या वाटेने भेटणार आहे.

आपल्याकडे परंपरेने चालत आलेले एक सुभाषित अनेकांना पाठ असेल. एक पिंपळ, एक कडुनिंब, एक वड, दहा चिंचा, कवठ, बेल व आवळा तीन-तीन आणि पाच आंबे लावणारा मनुष्य नरक पाहत नाही, असा त्याचा आशय आहे. पाठभेदांनी संख्या थोडी बदलते. ह्या श्लोकाचे पुण्य सर्वांनी सांगितले, पण त्यातील गणित फारसे कोणी पाहिले नाही. वृक्ष सत्तावीस, जाती आठ. आधुनिक वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणाने पाहिले तर ह्या आठ जाती सहा वेगवेगळ्या कुलांतील ठरतात : वड-पिंपळ एका कुलातील, कवठ-बेल दुसऱ्या, उरलेले चौघे चार निराळ्या कुलांतील. सुभाषितकाराला बुरशी आणि कीटक यांचे शास्त्र अवगत होते, असा दावा मी करणार नाही. तसे करणे म्हणजे पूर्वजांच्या नावावर आपले ज्ञान खपविणे होय. परंतु गावाला सावली, फळ, औषध आणि चारा ही सारी हवीत, म्हणून झाडे अनेक प्रकारची हवीत, हे व्यवहारज्ञान त्या श्लोकात निःसंशय आहे. चिंचेचा वाटा मात्र त्यात जास्तच आहे.

मराठी राज्यव्यवहारातही वृक्षांविषयीचा विवेक आढळतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी लिहिताना आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये, असे बजाविले आहे. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. ती तोडल्यास तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. झाड लावणारा आणि सावलीत बसणारा यांच्यामध्ये एका पिढीचे अंतर असते, ह्याची जाण त्या आज्ञेमागे आहे. ह्या अंतरामुळेच निवडीतील चूक महाग पडते. भाजीचे वाण चुकले तर पुढल्या हंगामात बदलता येते. रस्त्याचे झाड चुकले, तर ते चाळीस वर्षांनी आपल्या नातवंडांना कळते.

एल्मची कथा

ही चूक किती मोठी असू शकते हे पाहावयाचे, तर युरोप-अमेरिकेतील एल्म वृक्षाचा इतिहास वाचावा. एल्म आपल्याला अगदी परका नाही. दख्खनच्या माळावर, ओढ्याकाठी वाढणारा आपला वावळ त्याच्याच कुलातला आहे. अमेरिकन एल्म मात्र फार देखणा. सरळ खोड वर जाऊन कारंज्यासारखे फुटते; रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लावला तर डोक्यावर कमानच होते. धूर, धूळ, तुडविलेली जमीन सारे तो सोशीत असे. म्हणून तेथील शेकडो नगरांनी रस्त्यांमागून रस्ते एकट्या एल्मने भरून काढले.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पश्चिम युरोपात एल्म अकस्मात वाळू लागले. युद्धातील विषारी वायूंचा हा परिणाम असावा, असाही तर्क तेव्हा झाला. हॉलंडमध्ये योहाना वेस्टरडाइक ह्या विदुषीच्या प्रयोगशाळेत बेया श्वार्त्स हिने १९२१ मध्ये रोगाचे खरे कारण, एक बुरशी, शोधून काढले. पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नाही. पुढे त्याच प्रयोगशाळेतील क्रिस्टीन बाउसमन हिने श्वार्त्सचे म्हणणे निर्विवाद सिद्ध केले. ह्या कन्यांच्या कर्तृत्वाचे फळ त्यांच्या देशाला असे मिळाले, की रोगाचे नावच ‘डच एल्म रोग’ पडले. ज्या देशाने रोग ओळखला त्याच्याच माथी रोग मारला गेला. नामकरणाच्या इतिहासात अशा अन्यायांना तोटा नाही.

रोगाची रीत अशी. सालीखाली राहणारे भुंगेरे बुरशीचे बीजाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. बुरशी खोडातील जलवाहिन्यांत पसरते. तिला अडविण्यासाठी झाड स्वतःच त्या वाहिन्या बंद करीत जाते आणि शेवटी मुळाशी पाणी असूनही तहानेने मरते. याखेरीज आणखी एक मार्ग आहे. ओळीने जवळजवळ लावलेल्या एल्मची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळून एकजीव होतात. मग भुंगेऱ्याचीही गरज उरत नाही. एका झाडाचा रोग मुळांतूनच शेजाऱ्याकडे जातो. वराहमिहिराने सांगितलेला मुळांचा गुंता येथे असा प्राणघातक ठरला.

१९३० मध्ये हा रोग अमेरिकेत ओहायो राज्यात आढळला. फर्निचरच्या पातळ पट्ट्यांसाठी युरोपातून आणलेल्या एल्मच्या ओंडक्यांबरोबर तो समुद्र ओलांडून गेला होता. पुढील काही दशकांत तेथे कोट्यवधी एल्म गेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बुरशीचा अधिक जहाल प्रकार उत्तर अमेरिकेतील लाकडाबरोबर उलट ब्रिटनमध्ये पोहोचला आणि तेथील अडीच कोटींहून अधिक एल्म त्याने संपविले.

यापुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. अमेरिकेतील अनेक नगरांनी मेलेल्या एल्मच्या जागी दुसरे एक सोशिक झाड लावले, ते म्हणजे अॅश. ते दिसावयास नीटस, वाढावयास जलद आणि त्या वेळी रोगमुक्त होते. पुन्हा रस्त्यांमागून रस्ते त्याच एका झाडाने भरले. २००२ मध्ये डेट्रॉइट शहराजवळ पूर्व आशियातून आलेला एक हिरवा, झळाळता भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या अॅशच्या सालीखाली पोखरतात. त्याने पुन्हा कोट्यवधी झाडे मारली. ज्या रस्त्यांनी आजोबांच्या काळी एल्म गमावले, त्यांतील कित्येकांनी नातवंडांच्या काळी अॅश गमावले. झाड बदलले होते, पण लावण्याची रीत बदललेली नव्हती.

मधल्या काळात रोगाला तोंड देणारे एल्म शोधण्याचे काम चिकाटीने चालू होते. ‘प्रिन्स्टन’ नावाचा वाण १९२० च्या दशकात केवळ देखणेपणासाठी निवडलेला होता. रोगाची साथ आल्यावर तो तग धरतो असे आढळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाने पारखलेला ‘व्हॅली फोर्ज’ १९९५ मध्ये प्रसृत झाला. डच शास्त्रज्ञांनी हिमालयातील एल्म नेऊन त्याचा संकर केला आणि त्यातून १९७३ मध्ये ‘लोबेल’सारखे वाण आले. हॉलंडच्या कालव्याकाठच्या एल्मला आपल्या हिमालयातील रानझाडाने बळ दिले, हे आपण अभिमानाने सांगावे. पण त्याहून महत्त्वाचा बोध असा, की ते रानझाड डोंगरात कोणी तरी राखले होते म्हणून कामी आले.

येथे एक शब्दविवेक आवश्यक आहे. ‘रोगमुक्त’ आणि ‘रोगसह’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ते समानार्थी नाहीत. वरील वाणांपैकी एकही रोगमुक्त नाही. ते रोगसह आहेत, म्हणजे रोग झाला तरी बहुधा तगतात. शिवाय ते एकाच रोगापुरते रोगसह आहेत. कलमाने वाढविलेली अशी हजार झाडे म्हणजे वस्तुतः एकच झाड हजार ठिकाणी उभे असते. त्याचे सामर्थ्य सर्वांत असते, तसे त्याचे व्यंगही सर्वांत असते.

आपल्या नगरीतील वृक्ष

आता आपण घरी परतू. कडुनिंबाला कीड लागत नाही अशी आपली दृढ समजूत. ज्याची पाने आपण धान्यात घालतो आणि गुढीपाडव्याला चावतो, त्याला रोग कसा व्हावा? पण तो झाला. कडुनिंबाचे शेंडे वाळविणारी एक बुरशी १९९७ मध्ये कर्नाटकातील शास्त्रज्ञांनी नवी जाती म्हणून वर्णिली. तेलंगणात २०२१ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर तिचा उपद्रव सर्वत्र दिसला. पावसाळी ओलाव्यात ती बळावते. डहाळ्यांचे शेंडे तपकिरी पडून खाली खाली वाळत येतात. काजू व चहाच्या मळ्यांत उपद्रव करणारा, डासासारखा दिसणारा रसशोषक ढेकूणही कोवळ्या पालवीवर पडतो. बुरशी बियांतूनही पसरते, म्हणून रोगट झाडाच्या निंबोळ्यांपासून रोपे करू नयेत. दिलाशाची गोष्ट अशी, की मोठी झाडे बहुधा मरत नाहीत, उन्हाळ्यात पुन्हा फुटतात. वाळलेल्या डहाळ्या छाटून नष्ट करणे हा पहिला उपाय, म्हणजे पुन्हा वराहमिहिराचेच शस्त्र. तेव्हा कडुनिंबाला वाळीत टाकण्याचे कारण नाही. मात्र सर्व भार त्या एकट्यावर टाकण्याचेही कारण नाही.

ह्या नगरीत चिंचेचे ऋण मोठे आहे. तेलुगूतील ‘चिंत’ आणि मराठीतील ‘चिंच’ ही शब्दांची भावंडे शेजारी नांदतात. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. चिंच मुळात आफ्रिकेची. ती इतकी जुनी रहिवासी झाली, की तिला कोणी परकी म्हणत नाही. दोन-चार पिढ्यांपूर्वी येथे आलेल्या आपणा मराठी मंडळींना हे उदाहरण समजावयास कठीण जाऊ नये. झाड कोठून आले यापेक्षा ते आल्यावर कोणाच्या उपयोगी पडले, हे पाहावे.

त्या कसोटीला कोनोकार्पस उतरला नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या दुभाजकांवर तो हिरव्या भिंतीसारखा लावला गेला. तो झटपट वाढतो, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत आणि किडीचा त्रासही थोडा. कागदावर पाहिले तर आपल्या पदाधिकाऱ्यांच्या प्रश्नाचे हेच उत्तर ठरावे! परंतु त्याच्या परागाने श्वसनाचे विकार बळावतात व मुळे नळ-गटारांत शिरतात, अशा तक्रारी आल्या. गुजरात शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. केवळ निरोगी असणे हा झाडाचा पुरेसा गुण नव्हे, हे यावरून दिसते.

यावर कोणी म्हणेल, की चेवेल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर निजामकाळी लावलेले शेकडो वड आहेत. ती एकाच जातीची रांग आहे आणि तरीही ती इतकी वर्षे टिकली. आक्षेप योग्य आहे. त्या वडांवर संकट आले ते रोगाचे नव्हे, तर रस्तारुंदीकरणाचे. वड हा येथील मातीचा, पारंब्यांनी स्वतःला सावरणारा वृक्ष आहे. पण तोही अजिंक्य नाही. महबूबनगरजवळच्या सुमारे सातशे वर्षांच्या ‘पिल्ललमर्रि’ला, म्हणजे लेकुरवाळ्या वडाला, वाळवीने इतके पोखरले, की डिसेंबर २०१७ मध्ये त्याची मोठी फांदी कोसळली. २०१८ मध्ये रुग्णाला सलाइन लावावे तशा बाटल्यांतून त्याला कीटकनाशक द्यावे लागले. आणि एल्मच्या रांगाही शंभर वर्षे निरोगी होत्या. ज्या रोगाची आजवर गाठ पडली नाही, त्याच्याविषयी निर्धास्त राहणे म्हणजे रोगप्रतिकार नव्हे.

आपली चाळीस झाडे

एल्मच्या अनुभवातून अमेरिकेतील वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सँटामोर यांनी १९९० मध्ये एक साधा दंडक सुचविला. नगरातील शंभर झाडांत एका जातीची १० पेक्षा, एका प्रजातीची २० पेक्षा आणि एका कुलाची ३० पेक्षा अधिक नसावीत. हा निसर्गनियम नव्हे, सावधगिरीचे माप आहे. आपल्या चाळिसांना ते लावले, तर एका जातीची चार, एका प्रजातीची आठ आणि एका कुलाची बारा झाडे ही मर्यादा येते; म्हणजे किमान दहा जाती हव्यात. येथे नावांनी फसू नये. वड, पिंपळ आणि उंबर ही तीन झाडे एकाच प्रजातीची. चिंच, करंज, शिरीष, कांचन, गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष ही सहाही एकाच शिंबी कुलातील.

माझी सूचना अशी : कडुनिंब, चिंच, करंज, शिरीष, बकुळ, अर्जुन, जांभूळ, वावळ, आंबा आणि पिंपळ-वड मिळून एक गट. वड-पिंपळ क्रीडांगणाच्या दूरच्या कोपऱ्यात, भिंत व इमारत यांपासून लांब लावावेत. जांभूळ वाहत्या रस्त्यावर नको. पडलेल्या फळांवरून वाहने घसरतात. विजेच्या तारांखाली बकुळ-कांचनासारखी मध्यम झाडेच लावावीत, नाहीतर दरवर्षी तारांसाठी शेंडे छाटले जातील आणि प्रत्येक ओबडधोबड घाव बुरशीला दार ठरेल.

लावणीविषयी थोडेच सांगतो, कारण अर्धे रोग तेथेच जन्मतात. आपल्याकडे वर मुरूम व खाली खडक लागतो; म्हणून तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यातच घेऊन तापू द्यावा. पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावे. पिशवीतील मुळे वेटोळे घालून बसलेली असतात. ती मोकळी करावीत, न सुटणारी कापावीत, अन्यथा तीच पुढे झाडाचा गळा आवळतात. खोड व मूळ जेथे मिळतात तो भाग मातीखाली गाडू नये. बुंध्याभोवती सिमेंट न घालता दोन-तीन हात जमीन मोकळी ठेवावी व तिच्यावर पालापाचोळा अंथरावा, परंतु तो खोडाला भिडवू नये. अंतर वराहमिहिराचे १६ ते २० हात, म्हणजे २४ ते ३० फूट राखावे. पहिले तीन उन्हाळे पाणी चुकवू नये. बोलावलेल्या पाहुण्यांच्या हस्ते झाड लागते. ते जगते मात्र मे महिन्यात बादली उचलणाऱ्या हातांनी.

एकाच जातीची सरळ रांग डोळ्यांना शिस्तीची वाटते, हे मी जाणतो. मिश्र रांगेत एक झाड उंच, एक बुटके. एकाची पानगळ फाल्गुनात, तर दुसरे त्याच वेळी पालवते. पण त्यामुळेच त्या रस्त्याला कोणत्याही महिन्यात काही तरी सावली असते, आणि एखाद्या जातीवर रोग आला तर चार झाडे जातात, छत्तीस उभी राहतात. पदाधिकाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर हे असे आहे : रोग न लागणारे झाड नाही, पण रोगाला पुरून उरणारा रस्ता असू शकतो.

विद्यार्थ्यांना एकच विनंती. प्रत्येक झाडाची एक वही ठेवा. लावल्याची तारीख, रोप कोठून आणले, पालवी केव्हा फुटली, पाने कधी पिवळी पडली, हे मराठीत लिहा. बेया श्वार्त्सने रोग ओळखला तो अशाच बारकाईने पाहून. आपण लावलेली झाडे पूर्ण छाया देतील तेव्हा माझ्यासारखे श्रोतृवर्गात नसतील. त्या वह्या मात्र पुढच्या मुलांना उपयोगी पडतील.